दमलेला घोडा आणि निवांत घोडा: मान दोघांचीही खालीच असते

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेतून, म्हणजे घोडेबाजारातून, घोडा घरी आला की पहिल्या आठवड्यात हे दृश्य हमखास दिसतं. अंगणाच्या मधोमध मालक, हातात लांब दोर, आणि दोराच्या टोकाला गोल गोल धावणारं जनावर. त्याचं लक्ष मालक सोडून सगळीकडे असतं: रस्त्यावरचा ट्रॅक्टर, पलीकडच्या शेतातली म्हैस, लांब कुठंतरी खिंकाळलेली घोडी. अर्ध्या तासानं घामानं निथळलेला घोडा थांबतो, मान खाली घालतो आणि मालक समाधानानं म्हणतो, "झाला शांत."

झाला नाही. दमला.

मीही हे केलं आहे. एका कुमैत, म्हणजे तांबूस अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या घोडीला मी रोज सकाळी "मस्ती उतरवायला" लंजिंगच्या दोरावर, म्हणजे लांब दोराला धरून गोल गोल पळवायचो. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं पुरायची, महिन्याभरानं चाळीस लागायला लागली. कारण अगदी साधं होतं. रोज पळवलं तर दम वाढतो, मग माणूस असो की घोडा. तिचं लक्ष माझ्याकडे यावं म्हणून मी जे करत होतो, त्यानं ती शर्यतीला तयार होत होती, आणि लक्ष होतं तिथंच, कुंपणापलीकडे. शिवाय छोट्या वर्तुळात सतत धावल्यानं पायांच्या सांध्यांवर ताण येतो, तो वेगळाच.

गोंधळ होतो कारण वरवर दोन्ही घोडे सारखे दिसतात. मान खाली, पाय जागच्या जागी. ओठ चाटणं आणि रिकामं तोंड चावल्यासारखं हलवणं ही तर शांतपणाची खूण म्हणूनच सांगितली जाते. पण नुकत्याच बुजलेल्या घोड्याचा ताण उतरू लागतो तेव्हाही तो तेच करतो. त्या एका खुणेवर विसंबू नका.

श्वास बघा. आरामात उभा असलेला मोठा घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो. दमलेल्याच्या नाकपुड्या फुललेल्या असतात, कुशी भात्यासारखी हलते. नाडी हवी तर जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून मोजता येते. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते. निवांत घोडा नाकातून लांब, सैल फुरफुरतो, खालचा ओठ लोंबतो, मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवून आराम देतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कान. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळलेली, एकमेकांना जवळजवळ भिडणारी, त्यामुळे नवख्याला तो कायम कान टवकारूनच उभा आहे असं वाटतं. टोकं सोडा, कानाचं तोंड कुठं वळलंय ते बघा. निवांत घोड्याचा एक कान मधूनमधून तुमच्याकडे फिरतो. दमलेल्याचे दोन्ही कान बाजूला सैल पडतात आणि डोळा कुठंच नसतो.

खरी परीक्षा दहा मिनिटांनी होते. दमलेल्याचा श्वास बसला की तो अंग झाडतो आणि पुन्हा कुंपणाकडे मान वर करतो. निवांत घोडाही ट्रॅक्टरकडे बघतो, बघायलाच हवं. शिकार होऊ नये म्हणून घडलेलं हे जनावर. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. फरक एवढाच की तो बघून परत येतो.

ग्राउंडवर्कमध्ये, म्हणजे पाठीवर न बसता जमिनीवर उभं राहून दिलेल्या शिक्षणात, हे "परत येणं"च शिकवायचं असतं, आणि त्याला वेग लागत नाही. चालीचालीनं छोटे प्रश्न विचारायचे. दोन पावलं मागे. थांब. पुठ्ठा (मागचा भाग) थोडा पलीकडे सरकव. आता दुसऱ्या बाजूनं. प्रश्न सतत बदलत राहिला की त्याला तुमच्याकडे बघणं भाग पडतं. एकाच दिशेची पन्नास वर्तुळं तो झोपेतसुद्धा मारेल. दोराला हलका ताण द्यायचा आणि कान किंवा डोळा तुमच्याकडे वळताक्षणी तो सोडायचा. लगेच, सेकंदभरात. घोडा ताण सुटण्यावरून शिकतो. उशिरा सोडला तर भलत्याच गोष्टीला शाबासकी मिळते. ट्रॅक्टर आला तर मोरखी (तोंडावर बांधलेला दोर) ओढून तोंड फिरवू नका. बघू द्या, मग पुढचा प्रश्न विचारा. आणि दोर हाताला गुंडाळून कधीच धरू नका. घोडा उधळला तर बोटं जातात.

कळपात राहणारं जनावर यात्रेच्या गर्दीतून एकदम एकट्या फार्महाउसवर आलेलं असतं, त्यामुळे सुरुवात शक्यतो दुसरा घोडा दिसेल अशा जागी करावी. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

लंजिंग वाईट नाही. पण त्याआधी एक विचारा, घोडा दिवसभर करतो काय? आपल्याकडे अनेक घोडे आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरानं बांधून, चोवीस तास ठाणावर उभे असतात, पुढ्यात हरभऱ्याची पाटी, पावसाळ्यात तर तीन-तीन दिवस बाहेर काढणं नाही. त्यांच्या अंगात जोर साठलेला असतो, आणि तो कुठंतरी निघणारच. अशा घोड्याला आधी मोकळं सोडा, मनासारखं पळू द्या, लोळू द्या. काम कमी असेल तेवढे दिवस हरभरा कमी आणि चारा जास्त करा. मग दोर लावा.

त्या कुमैत घोडीबरोबर मी नंतर धावणं पूर्ण बंद केलं. तिसऱ्या की चौथ्या सकाळी रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला. तिनं मान वर केली, कान ट्रकमागे वळणापर्यंत गेले. मी दोर सैल धरून नुसता उभा होतो. मग डावा कान फिरला, माझ्याकडे. त्या दिवशीचं काम मी तिथंच थांबवलं आणि खरारा करायला घेतला.