धावणाऱ्याला गाठायचं कुठे?

5 सप्टेंबर 1983 च्या रात्री वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियममध्ये डॅरेल ग्रीन अमेरिकन फुटबॉलमधला आपला पहिलाच अधिकृत व्यावसायिक सामना खेळत होता. वय 23, उंची पाच फूट नऊ इंच, जागा कॉर्नरबॅकची, म्हणजे कडेच्या बचावपटूची. समोर डॅलस काउबॉइजचा टोनी डॉर्सेट. आठच महिन्यांपूर्वी डॉर्सेटनं मिनेसोटाविरुद्ध 99 यार्ड धावून टचडाउन केलं होतं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला होता. डाव सुरू झाल्यावर चेंडू घेऊन याहून लांब धाव नोंदवताच येत नाही, कारण मैदानच 100 यार्डांचं. त्या रात्री डॉर्सेट पुन्हा सुटला. पुढे मोकळं मैदान होतं. ग्रीन दुसऱ्या बाजूनं निघाला, तिरपा धावत आला आणि 77 यार्डांवर त्यानं डॉर्सेटला मागून गाठून पाडलं. डॅलसला सात गुणांऐवजी तीनांवर भागवावं लागलं.

ग्रीनच्या वेगाचं कौतुक खूप झालं आणि ते योग्यच होतं. पण कॉर्नरबॅकचं किंवा सेफ्टीचं चेंडू घेऊन धावणाऱ्याविरुद्धचं काम नुसत्या वेगावर होत नाही. त्यात भूमिती आहे, टकरीचं गणित आहे आणि स्नायूंतल्या इंधनाचा हिशोबही आहे.

खेळ थोडक्यात असा. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. चेंडू फेकून जा, नाहीतर हातात घेऊन धावत जा. बचावाच्या 11 जणांपैकी धिप्पाड गडी पुढच्या रांगेत, त्यांच्या मागे लाइनबॅकर, आणि सगळ्यांत मागे साधारण चौघं: कडेला दोन कॉर्नरबॅक, मध्ये खोलवर दोन सेफ्टी. या चौघांची निवड होते ती मुख्यतः फेकलेला चेंडू अडवण्यासाठी. म्हणून धावेचा डाव आला की ते नुसते मदतनीस, असा समज होतो. मला तो चुकीचा वाटतो. पुढची फळी फुटली तर पाच यार्ड जातात, मागची चुकली तर पन्नास.

कॉर्नरबॅकचं धावेविरुद्धचं पहिलं काम बऱ्याचदा टॅकल करण्याचं, म्हणजे त्याला धरून पाडण्याचं, नसतंच, कड बंद करण्याचं असतं. मैदान 53 यार्डांहून थोडं जास्त, म्हणजे जवळपास 49 मीटर रुंद आहे. धावणारा वळसा घेऊन कडेपर्यंत पोचला की त्याच्यापुढे माणसंच उरत नाहीत. म्हणून कॉर्नरबॅक पुढे येतो, अंगावर आलेल्या रिसीव्हरला, म्हणजे एरवी पास झेलणाऱ्या गड्याला, आतल्या खांद्यावर घेतो आणि बाहेरचा खांदा व हात मोकळा ठेवतो. धावणाऱ्याला आत वळावं लागतं आणि आत आठ-नऊ जण धावत येतच असतात. टॅकल दुसऱ्याच्या नावावर लागते, कॉर्नरबॅकच्या नोंदीत शून्य. या शून्याची किंमत आकडेवारी वाचणाऱ्याला कळत नाही, प्रशिक्षकाला नेमकी कळते. कड कोणी धरायची हे आधीच ठरलेलं असतं. सेफ्टीनं धरायची असेल तर हाक ‘स्काय’ची, कॉर्नरनं धरायची असेल तर ‘क्लाउड’ची. दोघंही आत धावले किंवा दोघंही बाहेर राहिले, तर मधल्या फटीतून धावणारा निघून जातो.

अडचण अशी की धाव आहे की पास, हेच आधी कळत नाही. सेफ्टी उतावळेपणानं पुढे आला की त्याच्या डोक्यावरून चेंडू फेकला जातो. म्हणून तो चेंडूपेक्षा समोरच्या आक्रमक फळीकडे पाहतो. ते गडी ताठ उभे राहून मागे सरकले तर पास, खाली वाकून पुढे रेटू लागले तर धाव. नियमांचाही त्याला आधार असतो. चेंडू पुढे फेकायचा असेल तर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये हे गडी एक यार्डाहून पुढे जाऊ शकत नाहीत. कॉलेजच्या खेळात ही सूट तीन यार्डांची आहे, म्हणून तिथे सेफ्टीला फसवणं जास्त सोपं. डोळ्यांनी पाहिलेल्या साध्या इशाऱ्यावर हालचाल सुरू व्हायलाही माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला आठ मीटर धावणारा दीड मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो, आणि इथे तर दोन शक्यतांतून एक निवडायची असते.

एकदा धाव आहे हे कळलं की प्रश्न उरतो तो शीर्षकातला. समजा, धावणारा कडेच्या रेषेला समांतर, सेकंदाला आठ मीटर वेगानं पळतोय. सेफ्टी त्याच्यापासून 20 मीटर आडवा आणि 15 मीटर पुढे आहे, म्हणजे सरळ अंतर 25 मीटर. दोघांचा वेग अगदी सारखा. सेफ्टीनं धावणाऱ्याच्या वाटेवरचा योग्य बिंदू हेरून सरळ रेषेत धाव घेतली, तर धावणारा जेमतेम 21 मीटर गेला असताना, 2.6 सेकंदांत, दोघं समोरासमोर येतात. आता तोच सेफ्टी, तेच पाय, पण तो प्रत्येक क्षणी धावणारा जिथे दिसतो तिकडेच तोंड करून धावतो. त्याची वाट वाकत जाते आणि शेवटी तो धावणाऱ्याच्या थेट मागे येतो. गणित केलं तर तो पाच मीटर मागे राहतो आणि मैदान संपेपर्यंत ते पाच मीटर तुटत नाहीत. वेगात तसूभर फरक नसताना एका कोनानं टॅकलचं टचडाउन होतं.

योग्य बिंदू मैदानावर कुणी कागदावर काढत नाही. खलाशांना एक जुना नियम ठाऊक असतो: दुसरं जहाज एकाच दिशेला स्थिर दिसत असेल आणि जवळ येत असेल, तर टक्कर होणार. सेफ्टीला हीच टक्कर हवी असते. धावणारा आपल्या नजरेत त्याच कोनावर राहील अशा बेतानं तो धावतो. कोन मागे सरकू लागला तर आपण फार पुढे चाललोय, पुढे सरकू लागला तर मागे पडतोय.

पण धावणारा जहाजासारखा एका रेषेत जात नाही. पाठलाग करणारा थोडा जरी पुढे निघाला, की तो पाय रोवून त्याच्या पाठीमागून आत वळतो. म्हणून आतून येणाऱ्या बचावपटूला शिकवतात की नेम छातीवर धरू नकोस, तुझ्या बाजूच्या कमरेवर धर आणि अर्धं पाऊल मागेच राहा. त्यानं आतली वाट बंद होते, आणि बाहेर कडेची रेषा असतेच. रेषेवर पाय पडला की डाव संपतो.

मग येते टक्कर, आणि इथे आकडे कॉर्नरबॅकच्या विरुद्ध असतात. चेंडू घेऊन धावण्यासाठी प्रसिद्ध असलेला डेरिक हेन्री सुमारे 112 किलोचा. 87 किलोचा कॉर्नरबॅक जागेवर उभा राहून त्याला छातीशी मिठी मारायला गेला आणि हेन्री सेकंदाला आठ मीटर वेगानं आला, तर टकरीनंतर दोघं मिळून साडेचार मीटर वेगानं पुढेच जात राहतील. तोच कॉर्नरबॅक सेकंदाला सहा मीटर वेगानं सामोरा गेला, तर उरलेला वेग दोन मीटरच्याही खाली येतो. मात्र एवढ्या वेगात आलेल्याला ऐनवेळी दिशा बदलता येत नाही. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन पावलांत पावलं आखूड करून तोल सांभाळायचा, तरीही थांबायचं नाही, हे या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे.

दुसरा उपाय म्हणजे खाली जाणं. कबड्डीत हलका कोपरारक्षक घोटा पकडून दणकट चढाईपटूला लोळवतो, तेच तत्त्व. वजन थोपवायचं नाही, वजनाखालचा आधार काढायचा. पाय अडकले की वरचं शरीर स्वतःच्याच वेगानं पालथं होतं. 6 डिसेंबर 2018 ला जॅक्सनव्हिलविरुद्ध हेन्रीनं डॉर्सेटच्या 99 यार्डांची बरोबरी केली, तेव्हा कॉर्नरबॅक ए. जे. बूये त्याच्या मांड्यांपर्यंत पोचूच शकला नाही. हेन्रीनं सरळ ताठ केलेल्या हातानं त्याला बाजूला सारलं. सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी 2014 मध्ये रग्बीच्या पद्धतीचं टॅकलिंग दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. डोकं बाजूला, खांदा मांडीवर, हात घट्ट आवळलेले. यात मान आणि मेंदू वाचतो, हे मला त्यातल्या यशापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

राहिला प्रश्न जीव तोडून धावण्याचा. धाव उजवीकडे गेली की डाव्या कॉर्नरबॅकला वाटतं, आपलं काय काम? त्यानं आधी धावणारा उलटा वळत नाही ना हे पाहायचं आणि मग मैदान तिरकं कापत शेवटचा माणूस म्हणून निघायचं. पूर्ण जोरात काढलेल्या काही सेकंदांच्या धावेला स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन हे झटपट वापरायचं इंधन लागतं. त्याचा बराचसा साठा अर्ध्या मिनिटात परत भरू लागतो, पण पूर्ण भरायला काही मिनिटं जातात. इथे तर पुढचा डाव 40 सेकंदांच्या आत सुरू होतो. म्हणजे दर डावात पलीकडून धावत येणारा खेळाडू अर्धवट भरलेल्या टाकीवर धावत असतो, आणि बहुतेक वेळा तो पोचेपर्यंत डाव संपलेला असतो. आळस आणि शहाणी काटकसर यातला फरक बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रशिक्षक चित्रफितीवर प्रत्येकाची ढिलाई मोजतात: कुठे वेग कमी केला, कुठे सहकारी त्याच्या पुढे निघून गेला.

25 ऑक्टोबर 2020 ला भूमिका उलटल्या. ॲरिझोनाचा सेफ्टी बुडा बेकर यानं सिअ‍ॅटलचा पास अडवला आणि मोकळ्या मैदानात सुटला. सिअ‍ॅटलचा रिसीव्हर डीके मेटकाफ क्षणात बचावपटू झाला. तो मागे होता, कोनाची मदत फारशी नव्हती, उरला होता फक्त वेग. खांद्यावरच्या पॅडमधल्या चिपनं त्याचा वेग नोंदवला तो तासाला 22.64 मैल, म्हणजे 36 किलोमीटरहून जास्त. गोलरेषेला मोजकेच यार्ड उरले असताना त्यानं बेकरला पाडलं, आणि तिथून ॲरिझोनाला एकही गुण मिळवता आला नाही.