एल्फिन्स्टन: काका कोणता, पुतण्या कोणता?

मुंबईच्या प्रभादेवी स्टेशनाच्या ‘एल्फिन्स्टन रोड’ या जुन्या नावाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बरं झालं बदललं, पेशवाई बुडवणाऱ्याचं नाव होतं ते.’ नव्हतं हो! पेशवाई बुडवली काकाने, स्टेशनाला नाव होतं पुतण्याचं.

काका माउंटस्टुअर्ट तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे: पुण्याचा रेसिडेंट, १८१७ ची खडकीची लढाई, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला नाव त्याचं. पुतण्या जॉन १८५३ ते १८६० गव्हर्नर, सत्तावन्नचं बंड त्याच्याच कारकिर्दीतलं. सनावळीचा घोळ एवढ्यावर मिटतो.

मिटत नाही तो ‘लॉर्ड’चा. गोरा गव्हर्नर दिसला की त्याला लॉर्ड करून टाकायचं ही आपली जुनी खोड. लॉर्डकी म्हणजे वतन समजा, थोरल्या पातीकडे जाणारं. माउंटस्टुअर्ट अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. किताब गेला थोरल्या भावाकडे आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलाकडे, म्हणजे तेरावा लॉर्ड झालेल्या आपल्या जॉनकडे. काकाने पुढे गव्हर्नर-जनरलपद दोनदा नाकारलं, पण लॉर्ड तो कधीच नव्हता. ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट’ वाचलं की माझं डोकं फिरतं.

हा घोळ याच घराण्यात जास्त होतो, कारण इथे किताब आणि आडनाव एकच. डलहौसीचं तसं नाही. तो किताब, माणसाचं आडनाव रॅमसे. एल्फिन्स्टनांना मात्र स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्स राजाने १५१० मध्ये आडनावाचाच किताब दिला. पहिला लॉर्ड अलेक्झांडर तीनच वर्षांत फ्लॉडनच्या लढाईत पडला, किताब टिकला.

आडनाव मुळात गावाचं. ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं गाव आजही आहे. आपल्या ‘कर’सारखंच, फक्त ‘कर’ न लावता. पुढे एअर्थजवळ नवी जमीन मिळाली, तिलाही यांनी एल्फिन्स्टनच नाव दिलं. आधी गावावरून आडनाव, मग आडनावावरून गाव!

आणि ते ‘एल्फिन्स्टोन’ लिहिणं बंद करा. त्यात दगड नाही. शेवटचा ‘टन’ म्हणजे वस्ती, वॉशिंग्टनमध्ये आहे तोच. ‘स’ आधीच्या माणसाच्या नावाचा, ‘अमक्याची वस्ती’ या अर्थी. लोकलच्या दारात लटकून ‘एल्फिन्स्टन आलं’ म्हणणाऱ्यांचा उच्चारच बरोबर होता.