चोचीने चाचपणारा नॉट

हिवाळा आला की मोबाइलवर नॉट पक्ष्यांच्या थव्यांचे व्हिडिओ फिरू लागतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या 'द वॉश' या खाडीवर हजारो पक्षी धुराच्या लोटासारखे वळतात, आणि खाली कुणीतरी लिहितं, 'निसर्गाचं नृत्य'. नृत्य कसलं! भरतीने त्यांना भरल्या ताटावरून उठवलेलं असतं. खरी करामत त्याआधी चिखलात, चोचीच्या टोकाशी चालते.

नॉट हा तुतवाराच्या कुळातला, सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा पक्षी. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातून द वॉशवर हिवाळा काढायला येतो. वाळूत दडलेली लहान शिंपली अख्खी गिळतो, पेषणीत, म्हणजे पोटातल्या स्नायूंच्या जात्यात, कवचासकट भरडतो. ती शोधताना तो अंदाजपंचे टोचत नाही. ओल्या वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी असतं. चोच आत शिरली की ते सरकतं. वाटेत शिंपलं आलं तर पाण्याला वळसा घ्यावा लागतो आणि त्या बाजूचा दाब किंचित वाढतो. चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक खळगे असतात. त्यांतल्या हर्ब्स्ट कणिका, म्हणजे दाब जाणणारी सूक्ष्म संवेदनाग्रं, हा दाब टिपतात. टोचणं भराभर चालतं, त्यामुळे आधीचा दाब ओसरायच्या आत पुढचा त्यात मिसळतो आणि फरक ठळक होतो. डच संशोधक पिअर्स्मा आणि सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाळूत चक्क दगड पुरले होते. दगडाला ना वास, ना हालचाल. तरी नॉटनी ते ओळखले. कोरड्या वाळूत मात्र त्यांची मात्रा चालली नाही.

वादळी दिवशी याचा फायदा दिसतो. चिखल्या नावाचे पक्षी डोळ्यांवर जगतात: चार पावलं धाव, थांब, काही हललं की टिप. वाऱ्यापावसाने चिखल थरथरू लागला, थंडीने किडे खोल गेले, की त्यांचे हाल. नॉट शेजारीच टोचत असतो.

बघायला जायचं ते भरतीचा तक्ता पाहून. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी चिखल पुरता झाकत नाही, थवे लांबच राहतात. मोठं उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं.  भरती उजेडात येते ना, हे तपासा (डिसेंबरात तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो) आणि दोन तास आधी पोहोचा.

वादळात तक्ता चुकतो. हवेचा दाब 1 मिलिबारने उतरला की समुद्र साधारण 1 सेंटिमीटर चढतो. त्यात उत्तरेचा वारा उत्तर समुद्राचं पाणी उथळ दक्षिणेकडे लोटतो. 31 जानेवारी 1953च्या रात्री असंच पाणी चढून इंग्लंडच्या या किनारपट्टीवर तीनशेहून अधिक माणसं बुडाली. चिखलात उतरू नका, बांधावरूनच बघा.

वाऱ्यात दुर्बिणीच्या तिपाईचे पाय आखूड ठेवा, मधला दांडा पूर्ण खाली. 20 ते 30 पट पुरे. 60 पटीत नुसती थरथर दिसते. भिंगावरचं खारं पाणी कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोडं पाणी ओता, मग टिपा.