आवृत्ती जुनी, दुरुस्ती ताजी

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत ऑडिटचे दिवस आले, की सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातात एक लालभडक रिपोर्ट पडतो : ‘ओपनएसएसएच ९.२. आवृत्ती जुनी, धोका गंभीर, ताबडतोब ९.८ बसवा.’ ओपनएसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये सुरक्षित लॉगिन (एसएसएच) करू देणारा प्रोग्रॅम. सुरक्षेतली भोकं शोधणाऱ्या स्कॅनर-प्रोग्रॅमने सर्व्हरचं दार वाजवलं, आतून एक आकडा आला, आकडा लहान दिसला म्हणून लाल शाई. झाला तपास! मग साहेबांचा फोन : ‘अरे, मोबाइल दर महिन्याला अपडेट होतो, आणि आपला सर्व्हर वर्षभर मागे?’

साहेबांचं चुकतं ते इथे. आकडा जुना म्हणजे आतला कोडही जुना, असं ते धरून चालतात.

हा सर्व्हर चालतो डेबियनवर. डेबियन ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची एक जुनी, १९९३ पासूनची, स्वयंसेवकांनी चालवलेली वितरण-व्यवस्था. जगभरातले हजारो प्रोग्रॅम गोळा करायचे, एकमेकांशी पटतात का ते तपासायचं आणि साधारण दोन वर्षांनी त्यांचा एक संच ‘स्टेबल’ म्हणून काढायचा, हे तिचं काम. नवं पॅकेज (बसवायला तयार बांधलेला प्रोग्रॅम) आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं. तिथे काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. संच काढायच्या काही महिने आधी ‘फ्रीझ’ लागतो, म्हणजे नव्या सोयींना दार बंद. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हा त्यात ओपनएसएसएच ९.२ होतं, आणि त्या संचापुरतं ते ९.२ च राहणार. स्टेबल म्हणजे बिनचूक नव्हे. वागणं बदलणार नाही, एवढीच हमी.

मग सुरक्षेत भोक सापडलं तर? नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत एका बाथरूमची गळती निघाली म्हणून कोणी लगेच पुनर्विकासाला काढत नाही, गळती तेवढी बुजवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात : नव्या आवृत्तीतली दुरुस्ती तेवढी उचलायची आणि जुन्या कोडमध्ये बेतून बसवायची.

१ जुलै २०२४ ला जाहीर झालेलं ‘रेग्रेशन’ नावाचं भोक यासाठी बघण्यासारखं आहे. एसएसएच सर्व्हर लॉगिनसाठी सहसा १२० सेकंद देतो. वेळ संपली की ऑपरेटिंग सिस्टीम त्या प्रोग्रॅमला एक सिग्नल पाठवते. प्रोग्रॅम त्या क्षणी जे करत असेल ते अर्धवट टाकून सिग्नलचं काम करायला धावतो. समजा, तो नेमका मेमरीचा हिशेब लिहीत होता, अमुक तुकडा कोणाला दिला, कुठला मोकळा आहे वगैरे. हिशेब अर्धाच झालाय. अशा वेळी सिग्नलच्या कामात मेमरी मागणारं फंक्शन वापरायचं नाही, हा जुना नियम. इथे मात्र ‘वेळ संपली’ ही नोंद लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहिली जाई आणि लिनक्सवर ती लिहिणारं फंक्शन मेमरी मागू शकतं. अर्ध्या हिशेबावर दुसरा हिशेब चढतो. हल्लेखोराने हजारो वेळा प्रयत्न करून ही वेळ साधली तर थेट रूटचे, म्हणजे सर्व्हरच्या मालकाचे, अधिकार त्याच्या हाती.

गंमत पुढे आहे. हे भोक २००६ मध्येच ४.४ आवृत्तीत बुजवलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगच्या कोडची आवराआवर करताना राखणीची एक ओळ गळाली आणि ८.५ पासून ते परत उघडलं. म्हणजे ८.५ ते ९.७ धोक्यात, आणि ८.४ वालं डेबियन ११ किंवा ८.२ वालं उबंटू (डेबियनवरच बेतलेलं लिनक्स) २०.०४ सुरक्षित! ‘लेटेस्ट तेच बेस्ट’ म्हणणाऱ्या जाहिरातदारांनी हे जरूर वाचावं.

डेबियन १२ मधलं ९.२ मात्र धोक्यात होतं. तिथे ९.८ आणलं नाही, कारण त्याच ९.८ मध्ये प्रोग्रॅमचे दोन तुकडे झाले होते, लॉगमधली काही नावं बदलली होती, जुन्या डीएसए पद्धतीच्या लॉगिन-किल्ल्यांचा आधार मुळातच बंद ठेवला होता. लॉग वाचून चोरांना अडवणाऱ्या कित्येक स्क्रिप्ट एका रात्रीत आंधळ्या झाल्या असत्या. म्हणून तेवढीच दुरुस्ती ९.२ मध्ये बसवली आणि पॅकेजचा क्रमांक झाला ‘९.२पी१-२+डेब१२यू३’. अधिकचिन्हापुढची शेपटी महत्त्वाची. डेबियनचा सर्व्हर दारावरच्या ओळखीत ती सांगतोसुद्धा. फक्त पुष्कळ स्कॅनर ९.२ ऐकून पुढचं सोडून देतात.

बॅकपोर्ट म्हणजे जादू नाही. डेबियननेच स्वतः केलेल्या एका बदलामुळे २००६ ते २००८ दरम्यान त्यांच्या ओपनएसएसएलने (सांकेतिक किल्ल्या बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) बनवलेल्या किल्ल्या सहज अंदाज बांधण्याजोग्या झाल्या होत्या. आणि थांबण्याचीही किंमत असते : २००२ नंतरचा स्टेबल संच थेट २००५ मध्ये आला, तोवर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारं उबंटू सुरू झालं होतं. नव्या लॅपटॉपचं वायफाय जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) चालत नाही, हेही नेहमीचंच.

याची दुसरी बाजू म्हणजे ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा पंथ. दसऱ्याला सर्व्हरच्या रॅकला झेंडूचा हार घालतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुरक्षा-अपडेट वर्षभर लांबवून त्या हारावर विसंबणं ही शुद्ध अंधश्रद्धा. वर सांगितलेली शेपटी ‘यू३’ ऐवजी ‘यू२’ दिसली, तर तो लाल रिपोर्ट अगदी खरा आहे.

तेव्हा रिपोर्ट आला की आधी पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) उघडा आणि ‘सीव्हीई-२०२४-६३८७’ हा ‘रेग्रेशन’ भोकाचा नोंदणी-क्रमांक शोधा. सापडला, तर ती ओळ उत्तराला जोडा. नाही सापडला, तर अपडेट चालवा, एसएसएच सेवा रिस्टार्ट झाली की नाही ते बघा आणि मगच साहेबांना फोन करा.