फोनची चाहूल घेणारा परिपथ

काही वर्षांपूर्वी संगणकाच्या स्पीकरशेजारी मोबाइल ठेवलेला असला, की घंटी वाजण्याच्या क्षणभर आधी स्पीकरमधून ‘टिक टिक टिक, टर्रर्र’ असा आवाज उमटे आणि घरातले कोणीतरी ‘फोन येतोय बघ’ म्हणत असे. फोनची चाहूल घेण्याची कोणतीही सोय त्या स्पीकरमध्ये केलेली नव्हती. मोबाइलचे संकेत ओळखणारा परिपथ (सर्किट) घरी बनवायचा असेल तर सुरुवात या आवाजापासूनच करावी, कारण स्पीकरकडून जे नकळत घडत होते, तेच आपल्याला मुद्दाम घडवून आणायचे आहे.

टूजी फोन ज्या लहरींवर बोलतो त्यांतील एक प्रमुख पट्टा ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ९० कोटी कंपनांचा आहे. स्पीकरमधल्या विवर्धकाला (अँप्लिफायरला) इतकी वेगवान कंपने मुळीच झेपत नाहीत. मात्र या पद्धतीत एकाच वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात, ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फेरीत एका फोनच्या वाट्याला ५७७ मायक्रोसेकंद येतात आणि तेवढ्या वेळापुरताच तो लहरींचा झोत सोडतो. असे झोत सेकंदाला सुमारे २१७ होतात. विवर्धकातील ट्रान्झिस्टर दोन्ही दिशांच्या कंपनांना अगदी सारखा प्रतिसाद देत नसल्यामुळे ९० कोटी कंपने पुसली जातात, पण झोतांचा आकार तेवढा मागे उरतो. आपण ऐकत होतो तो या २१७ ठोक्यांचा आवाज.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांमध्ये वर्षानुवर्षे फिरणारा एक परिपथ सीए ३१३० या चिपवर बेतलेला आहे. त्यातील कपॅसिटरच्या लांब पायांचा अँटेना होतो आणि चिप तो संकेत वाढवते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. या चिपची वाढवण्याची क्षमता १५ मेगाहर्ट्झच्या आसपास संपते. ९०० मेगाहर्ट्झचा संकेत तिने जसाच्या तसा वाढवणे शक्यच नाही. परिपथ चालतो हे खरे, पण तो त्या जुन्या स्पीकरसारखा अपघाताने चालतो, आणि म्हणूनच एकाने जोडलेला उत्तम चालतो तर शेजारच्याचा गप्प राहतो. त्यापेक्षा लहरींचा आकार काढून घेण्याचे काम ज्याचे आहे, त्या डायोडवरच (वीज एकाच दिशेने वाहू देणाऱ्या घटकावर) ते सोपवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

ही युक्ती जुनी आहे. जगदीशचंद्र बसूंनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक लहरी ओळखण्यासाठी वापरला होता आणि त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. आपल्याला स्फटिकाऐवजी १एन ५७११ सारखा शॉट्की डायोड, म्हणजे कमी दाबालाही वाहू लागणारा डायोड, चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत चौकशी करावी. वीजपुरवठ्यात वापरला जाणारा १एन ४००७ येथे निरुपयोगी आहे, कारण तो सुमारे ०.६ व्होल्टखाली जवळजवळ वाहतच नाही आणि त्याची अंगभूत धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) एवढी मोठी असते, की लहर डायोडला वळसा घालून निघून जाते.

९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. तिच्या निम्म्या लांबीचा अँटेना हवा, म्हणून तांब्याच्या जाड तारेचे प्रत्येकी ८ सेंटिमीटरचे दोन तुकडे एका रेषेत ठेवून मधल्या फटीत डायोडला थेट डाख द्यावा (सोल्डर करावा) आणि त्याचे पाय होतील तितके आखूड ठेवावेत. हा भाग ब्रेडबोर्डवर (डाख न देता सुटे भाग खोचून जोडण्याच्या पाटीवर) जोडू नये. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांत दोनेक पिकोफॅरड धारकता असते. एरवी ती कोणाच्या खिजगणतीतही नसते, पण ९०० मेगाहर्ट्झला ती ९० ओहमच्या रोधासारखी वागते आणि संकेताचा बराचसा भाग गिळून टाकते.

पुढचा भाग मात्र ब्रेडबोर्डवर निर्धास्तपणे जोडावा. डायोडचा कॅथोड (पट्टी असलेले टोक) १ किलोओहमच्या रोधातून एलएम ३५८ या दोन विवर्धक असलेल्या चिपच्या पहिल्या धन इनपुटकडे न्यावा, अ‍ॅनोड तेवढ्याच रोधातून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या ऋण टोकाकडे न्यावा, आणि या दोन्ही रोधांच्या पलीकडच्या टोकांमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर व १०० किलोओहमचा रोध समांतर जोडावा. चिपच्या पहिल्या अर्ध्या भागाने संकेत सुमारे १०० पट वाढवायचा आणि दुसऱ्या भागाने त्याची तुलना १० किलोओहमच्या प्रीसेटवर (फिरवून बदलता येणाऱ्या रोधावर) ठरवलेल्या पातळीशी करायची. शेवटी १ किलोओहममधून एलईडी, आणि तिच्या जोडीला पिझोची (विजेच्या दाबाने कंप पावून आवाज करणारी) साधी पितळी चकती जोडावी; आपण होऊन वाजणारा बझर नको. जवळ फोन नसताना प्रीसेट फिरवून एलईडी जेमतेम विझेल तिथे थांबवला, की परिपथ तयार झाला.

टूजी फोन पूर्ण जोर लावतो तेव्हा त्याच्या झोताची शक्ती २ वॉट असते. मोकळ्या जागेत एक मीटरवर आपल्या अँटेनाला त्यातून अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब मिळावा, असा हिशेब निघतो; दहा मीटरवर तो दहावा हिस्सा उरतो. पण फोन नेहमी पूर्ण जोर लावत नाही. टॉवर जवळ असला तर टॉवरच्याच सूचनेवरून तो आपला जोर कित्येक पट कमी करतो, त्यामुळे टॉवरखालच्या घरात हा परिपथ आंधळा ठरतो आणि गावाबाहेर तोच फोन लांबूनही ओळखतो. खिशात नुसता पडून असलेला फोन बहुतेक वेळ ऐकतच असतो, आणि ऐकणारा फोन यात सापडत नाही. परीक्षागृहात अशा परिपथावर विसंबणे म्हणूनच फोल आहे. (संकेत दाबून टाकणारा जॅमर ही अगदी वेगळी वस्तू असून खासगी व्यक्तीने तो वापरणे भारतात बेकायदा आहे.)

एलईडी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. पिझोची चकती अधिक सांगते. टूजीवर बोलणे सुरू झाले की २१७ हर्ट्झचा सलग स्वर ऐकू येतो, हार्मोनियमच्या २२० हर्ट्झच्या पांढरी सहापेक्षा किंचित उतरलेला. जुन्या धाटणीच्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराशी परिपथ नेल्यास त्यातून झिरपणाऱ्या लहरींमुळे खर्जातील गुरगुर येते, कारण ओव्हनमधील नळी घरच्या विजेच्या तालावर सेकंदाला ५० वेळा पेटते आणि विझते. फोरजीचा फोन सर्वाधिक ०.२ वॉट वापरतो आणि त्याच्या झोतांना असा ठरावीक ताल नसतो. फोन हातभर अंतरावर आणून एखादा व्हिडिओ पाठवायला घेतला, तर चकतीतून स्वर न येता तव्यावर मोहरी तडतडावी तशी तुटक तडतड ऐकू येते.