बिलाच्या काउंटरवर: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

आमच्याकडे मालाबद्दलच्या तक्रारी कमी येतात, काउंटरबद्दलच्या जास्त. ‘कॅशियरनं वर बघितलंसुद्धा नाही’, ‘साधे सुटे मागितले तर नाही म्हणाली’, ‘एक वस्तू काढून टाकायला सुपरवायझर कशाला लागतो?’ यांतल्या काही तक्रारी रास्त आहेत. काहींचं मूळ मात्र कॅशियरच्या स्वभावात नसतं, कामाच्या रीतीत असतं. ती रीत तुम्हाला माहीत असली, की आम्हाला कुठे धारेवर धरायचं आणि कुठे नाही हे तुम्हीच ठरवू शकाल.

गल्ला मागेल तेव्हा का उघडत नाही

हे यंत्र जन्मालाच आलं संशयातून. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या डेटन गावात जेम्स रिटी या गुत्तेवाल्याला आपले नोकर पैसे परस्पर खिशात घालतात असा संशय होता. त्यानं भावाच्या मदतीनं विक्रीचा आकडा नोंदवणारं यंत्र तयार केलं. पुढच्या यंत्रांना पैशांचा खण आणि घंटा जोडली गेली. घंटा आता फारशी ऐकू येत नाही, पण तत्त्व तेच आहे: बिल झालं की खण उघडतो. बिलाशिवाय उघडला तर त्याचीही नोंद राहते आणि संध्याकाळी कॅशियरला ‘का उघडला?’ याचं उत्तर द्यावं लागतं. म्हणून नुसते सुटे मागितल्यावर ‘नाही’ येतं. पुढचं बिल होईपर्यंत थांबायची तयारी असेल तर सुटे मिळू शकतात. तसं सांगा आणि बाजूला उभे राहा.

शिफ्ट सुरू होताना कॅशियरला ठरावीक रक्कम मोजून मिळते. शिफ्ट संपल्यावर गल्ल्यातली रोकड आणि यंत्रातला आकडा यांचा ताळा घेतला जातो. पैसे कमी भरले तर विचारणा होते हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त भरले तरी आमच्याकडे तितकीच विचारणा होते, कारण ते जास्तीचे पैसे बहुतेक वेळा कुणा ग्राहकाला कमी परत गेलेले असतात.

आता एक बारीक गोष्ट बघा. तुम्ही दिलेली नोट कॅशियर लगेच खणात टाकत नाही. ती वरच, सगळ्यांना दिसेल अशी ठेवते, उरलेले पैसे तुमच्या हातात मोजून देते आणि मगच नोट आत जाते. ‘मी मोठी नोट दिली होती’ हा वाद मिटवायला यापेक्षा सोपा उपाय आम्हाला तरी सापडलेला नाही. मोजणी चालू असताना ‘थांबा, ही नोट परत द्या, सुटे देतो’ म्हटलं तर ती आधीचा व्यवहार पुरा करून मगच दुसरा सुरू करेल. अर्ध्यावर नोटा बदलायला लावून पैसे लांबवण्याची युक्ती जुनी आहे. तुमच्यावर संशय नसतो, पण ही सवय सगळ्यांसाठी एकच ठेवावी लागते. वस्तू रद्द करायला सुपरवायझरची चावी लागते, तीही याच कारणानं: पैसे घेऊन मागाहून बिल पुसता येऊ नये.

किमतीचा घोळ

बारकोडच्या रेघांत किंमत नसते, फक्त वस्तूचा क्रमांक असतो. किंमत संगणकात असते. दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. तेव्हापासून ही विभागणी आहे. म्हणून फळीवरची चिठ्ठी एक आकडा सांगते आणि बिलावर दुसरा येतो, तेव्हा कॅशियरनं काही केलेलं नसतं. संगणकात किंमत बदलणारा चिठ्ठी बदलायला विसरलेला असतो. ही चूक आमची, आणि दोन्हींतली कमी किंमतच आम्ही लावतो. मात्र चिठ्ठी बघून यायला कुणाला तरी पाठवावं लागतं, तेवढा वेळ जातो.

रेघा फाटल्या असतील तर खालचे तेरा आकडे हातानं टाकतात. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र तो क्रमांक घेतच नाही. त्या वेळी कॅशियर मान खाली घालून असते, ती तुम्हाला टाळण्यासाठी नव्हे.

हसण्याबद्दल

कॅशियरनं सतत हसत राहावं अशी अपेक्षा बरेच जण लिहून कळवतात. आम्ही तसा नियम केलेला नाही आणि करणारही नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामाबद्दल लिहिताना अशा हुकमी हसण्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं होतं, आणि त्याचा थकवा खराच असतो. आमची सक्ती एवढीच: आल्यावर तुमची दखल घ्यायची, एकूण रक्कम तोंडानं सांगायची, परत दिलेले पैसे तुमच्यासमोर मोजायचे, अडचण आली तर ‘होत नाही’ एवढ्यावर न थांबता पुढे काय करता येईल ते सांगायचं. यातलं एकही राहिलं तर जरूर तक्रार करा. उद्धट बोलणं तर कुठल्याच रीतीत बसत नाही.

काउंटरमागे उंच स्टूल ठेवल्याबद्दल ‘बसून काम करतात’ असंही एकांनी कळवलं. हो, बसून करतात. बसून बिल चुकत नाही.

रांग

तीन काउंटरांपुढे तीन रांगा असल्या तर तुमचीच रांग सर्वांत आधी सरकण्याची शक्यता साधारण तीनात एक. त्यामुळे ‘माझीच रांग अडते’ हे बहुतेकांना बहुतेक वेळा खरंच वाटतं. म्हणून आम्ही एकच रांग ठेवली आहे. जो काउंटर मोकळा होईल तिथे पुढचा माणूस जातो. ती लांब दिसते खरी, पण एकाच्या अडलेल्या बिलामागे इतर ताटकळत नाहीत.

कार्ड आणि तक्रार

कार्ड तुमच्या नजरेआड कधीही जाता कामा नये आणि पिन कुणीही विचारता कामा नये. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण यंत्रावर व्यवहार नामंजूर दिसला, तर त्याची पावती मागून घ्या. बँकेकडे चौकशी करताना ती लागते.

तक्रारीसाठी बिल जपून ठेवा. त्यावर काउंटरचा क्रमांक आणि वेळ छापलेली असते. कॅशियरला तुमच्यासमोर बोलावून जाब विचारला जाणार नाही. आधी नोंद पाहू, तिचं म्हणणं ऐकू आणि मग तुम्हाला कळवू. बिल हरवलं असेल तर दिवस, साधारण वेळ आणि घेतलेली एखादी वस्तू सांगा. तेवढ्यावरून बहुधा नोंद सापडते.