फुटपाथ खचलाय? अर्ज कुठे द्यायचा आणि खर्च कुणाचा

पेव्हर ब्लॉकवर पाय पडला की तो एका बाजूला कलतो आणि फटीतला चिखल पँटवर उडतो, हे जळगाव-धुळेकरांना सांगायला नको. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम नीट दाबला नसेल तर ब्लॉक कितीही भारी असोत, खचणारच.

आधी रस्ता कुणाचा ते विचारा. जळगाव-धुळ्यात महापालिकेचा बांधकाम विभाग, भुसावळ-अमळनेर-नंदुरबारला नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. महामार्गाची किंवा सार्वजनिक बांधकामची हद्द असेल तर अर्ज त्या खात्याकडे. चुकीच्या टेबलावर पडलेला कागद तिथेच झोपतो.

अर्ज भाडेकरूही करू शकतो, घर नावावर असण्याची गरज नाही. साधा कागद, नाव-पत्ता, मोबाईल नंबर, फोटो. पण जागा नेमकी लिहा. माझा पहिला अर्ज ‘आमच्या कॉलनीतील फुटपाथ खराब आहे’ असा होता. त्याचं काहीच झालं नाही. दुसऱ्यात विजेच्या खांबाचा नंबर टाकला, टेप लावून ‘लांबी १४ मीटर, ९ ब्लॉक गायब’ असं लिहिलं, फोटोत टेप दिसू दिली. आठवड्यात कनिष्ठ अभियंता दारात! आवक शिक्क्याची पोच मात्र विसरू नका. ऑनलाइन द्यायचा तर ‘आपले सरकार’वर तक्रार टाकता येते.

पुढे अभियंता पाहणी करून मापं घेतो, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक बनतं, तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी, मग निविदा आणि कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र. झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे सगळे म्हणतात त्या एमबीत, चढतं आणि त्यावरून बिल निघतं.

पैसे कुणाचे? अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत घरासमोरच्या फुटपाथचा खर्च घरमालकाच्या माथी येतो. आपल्याकडे नेहमीच्या दुरुस्तीचं बिल घरमालकाला येत नाही. ती पालिकेच्या तिजोरीतून होते. नळजोडणीसाठी तुम्हीच खोदलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी परवानगी आणि खोदाईचं शुल्क, सोबत सहसा घरपट्टीची पावती आणि जागेचा नकाशा. परवानगी न घेता खोदलंत तर दंडाची नोटीस येऊ शकते.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट दोष दायित्व कालावधीची, म्हणजे काम झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या काळाची. काम नवं असेल आणि हा काळ संपला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. नव्या निविदेचं कारणच नाही. म्हणून अर्जात सरळ विचारा: काम कधी पूर्ण झालं, दायित्व कधीपर्यंत? उत्तर आलं नाही तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात कार्यादेश आणि एमबीची प्रत मागा. मुदत ३० दिवसांची. प्रत हातात आली की टेप घेऊन जागेवर जा भो, ब्लॉकची जाडी स्वतः मोजा आणि कागदाशी ताडून पाहा.